विषय : मारिओ

माझ्या कपाटात व्हिडिओ गेमच्या कॅसेटी उलट्या मांडलेल्या आहेत. चित्राची बाजू भिंतीकडे, पाठ बाहेर. घरी येणारे पाहुणे एखादी तरी कॅसेट सरळ करून ठेवतात आणि ते गेले की मी ती पुन्हा फिरवते. चित्रं काय, सगळ्यांवर तीच असतात. टोपीवाला मारिओ, बंदुका घेतलेले कॉन्ट्राचे दोन सैनिक आणि कोपऱ्यात ‘६४ इन १’ नाहीतर ‘९९९९९९९ इन १’. पाठ मात्र एकीसारखी दुसरीची नसते. पाठीवर पोरांनी लिहिलेलं असतं.

कर्कटकाच्या टोकाने कोरलेलं आडनाव. निळ्या बॉलपेनने पुन्हा पुन्हा गिरवलेली आद्याक्षरं, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर शाई धरत नाही. आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. एका व्हिडिओ लायब्ररीचा जांभळा शिक्का आणि त्याखाली हाताने ‘एक दिवस १० रु., उशीर झाल्यास डबल’. आणि माझी सगळ्यात लाडकी एक पिवळी कॅसेट, जिच्या पाठीवर शाळेच्या वहीला लावतात तसलं लेबल डकवलंय. मुलाने ते शिस्तीत भरलंय. नावाच्या ओळीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इयत्ता ६ वी. तुकडी ब. विषय : मारिओ.

पूर्ण नावं मी इथे देणार नाही. ही मुलं आता चाळिशीच्या आसपास आली असतील आणि त्यांना न विचारता त्यांची नावं चारचौघांत मांडणं मला बरं वाटत नाही. पण कॅसेटीवर ती आहेत आणि तिथून ती मी पुसणार नाही, एवढ्याचसाठी हा सगळा लेख आहे.

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, पण नंतरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या घरी टीव्हीला जोडलेले ते डबे, कुणाकडे मीडिया, कुणाकडे समुराई, बाकीच्यांकडे बिननावाचे, हे बहुतेक एकाच जपानी यंत्राच्या नकला होत्या. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम काढला, त्याच्या. नक्कल इतकी बेमालूम, की कॅसेटीच्या ६० पिनासुद्धा तशाच. माझ्याकडच्या इचलकरंजीच्या कॅसेटी जपानी यंत्रात सरळ बसतात आणि चालतात. तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, हातातल्या बटणांच्या डबीला ‘रिमोट’ म्हणायचो, आणि ९९९९९९९ या आकड्यावर पहिला आठवडाभर तरी आमचा पूर्ण विश्वास असायचा. मेनूत पुढे पुढे जात राहिलं की कळायचं, मोजकेच गेम नावं बदलून परत परत येतात. मारिओच कधी पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो, कधी तिसऱ्या.

म्हणून मग पाठीवर यादी. माझ्याकडे अशा याद्यांच्या बऱ्याच कॅसेटी आहेत आणि त्या वाचताना मला त्या घरातली दुपार दिसते. ‘७ टँक. १२ बर्फवाला. १९ सर्कस. २३ नको.’ हा ‘नको’ मला फार आवडतो. कुणीतरी तेवीस नंबर लावून पाहिला, तो आवडला नाही, आणि धाकट्या भावाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून लिहून ठेवलं. एका कॅसेटीवर फक्त बाण आहेत. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, मग बी, ए. कॉन्ट्राच्या तीस लाइफची किल्ली. तिच्याखाली रेघ मारून दुसऱ्या अक्षरात लिहिलंय, ‘लवकर दाबणे’.

आता मुद्द्याचं. या कॅसेटींना स्मरणशक्ती नव्हती. स्वस्तातली कॅसेट उघडली की आत छोटासा बोर्ड असतो आणि त्यावर काळ्या रेझिनचा गोळा, त्याच्या पोटात चिप. बस. जपानात १९८८ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’सारख्या कॅसेटींत छोटी बॅटरी असायची आणि खेळ जिथे सोडला तिथून पुढे चालू व्हायचा. आपल्याकडे मुलांच्या हातात येणाऱ्या ‘इन १’वाल्या कॅसेटींत तसं काही नसायचं. दिवे गेले की सगळं गेलं. हायस्कोअर गेला, आठव्या दुनियेपर्यंत पोचलेला मारिओ गेला. पोरं टीव्ही बंद करून यंत्र रात्रभर चालू ठेवायची आणि सकाळी आजी ‘गरम झालंय गं हे’ म्हणत प्लग काढायची.

‘एक्साइटबाइक’मध्ये तर ट्रॅक स्वतः बनवता यायचा आणि मेनूत ‘सेव्ह’ असं लिहिलेलंही असायचं. आम्ही ते कितीदा दाबलं असेल! पुढे मोठेपणी वाचलं, की ते सेव्ह व्हायला निन्टेन्डोचा वेगळा टेपरेकॉर्डर लागायचा आणि तो जपानाबाहेर विकलाच नव्हता. अमेरिकेतल्या मुलांनाही तो पर्याय नुसताच दिसायचा. ‘टँक’ म्हणजे नामकोची १९८५ ची ‘बॅटल सिटी’. तिच्यात विटा, पोलाद, पाणी, झाडी मांडून आपलं मैदान तयार करता यायचं, आणि बटण बंद केलं की तेही पुसलं जायचं. मैदान १३ बाय १३ चौकटींचं. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या भावाने गणिताच्या चौकटीच्या वहीत मोजून मैदानं काढली होती, विटांना तांबडी पेन्सिल, पाण्याला निळी. ती वही आता नाही.

तर ज्या वस्तूच्या पोटात काही राहत नाही, तिच्यावर बाहेरून जे लिहिलं तेवढंच राहिलं. त्या मुलाने त्या कॅसेटीत घालवलेल्या सगळ्या सुट्ट्यांतलं आज जगात शिल्लक असलेलं एकमेव काही म्हणजे ते ‘६ वी ब’. गेम हरवलेले नाहीत. मारिओ लाखो प्रतींत आहे, फोनवरही चालतो. हे अक्षर मात्र एकच आहे.

जुन्या बाजारात हे समजावणं अवघड जातं. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी बाजार भरायचा, तिथे माझे एक ठरलेले काका होते. नळाच्या तोट्या, चष्म्याच्या काड्या, चार्जर यांच्यामध्ये एका टोपलीत कॅसेटी. मी हातात घेतली, की ते आधी थिनरचं फडकं काढायचे.

“ताई, पुसून देतो की! कोरी दिसेल.”

“नको काका, तशीच द्या.”

“अहो कुणाचं तरी नाव आहे त्यावर.”

“म्हणूनच तर घेतेय.”

ते माझ्याकडे काळजीने बघायचे. पुढे पुढे मात्र नावाच्या कॅसेटी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागले, आणि एकदा तर एक कॅसेट हातात देऊन म्हणाले, “ही घ्या, यात दोन नावं आहेत.” तो माणूस मला समजला होता.

संग्राहकांचा बाजार याच्या नेमका उलट चालतो. तिथे पाठीवरचं नाव म्हणजे डाग. लेबलवर पेनची रेघ असली की किंमत उतरते. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, ती सीलबंद होती, म्हणजे ती कुणीच कधी खेळलेलं नव्हतं. मला त्या प्रतीचं वाईट वाटतं. पंचवीस वर्षं ती एका मुलाची वाट बघत राहिली आणि शेवटी प्लास्टिकच्या पेटीत बंद झाली.

वस्तूवरच्या खुणांची सवय मला घरातूनच लागली. माझ्या वडिलांचं इचलकरंजीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या रस्त्याला यंत्रमागांचा खडखडाट, पुढे बाबांचा सोल्डरिंगचा धूर. दुरुस्तीला आलेला प्रत्येक टीव्ही उघडला की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने तारीख, गिऱ्हाइकाचं आडनाव आणि काय बदललं ते लिहायचे. पुढच्या वेळी तोच टीव्ही आला की आधी स्वतःचंच अक्षर वाचायचे. व्हिडिओ गेम येऊ लागले तेव्हा त्यांच्याही पोटात तसंच. जास्त करून अॅडॉप्टर जळालेले, रिमोटची वायर मुळात तुटलेली, आणि कॅसेटीच्या पिना फुंकर मारून मारून काळ्या पडलेल्या. फुंकरीने धूळ उडते हे खरं, पण तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि पिना गंजत जातात. बाबा पिना खोडरबरने घासायचे आणि पोरांना सांगायचे, “फुंकू नका रे, ओढून परत बसवा.” पोरं दुकानाच्या पायरीवरच फुंकून बघायची.

फेब्रुवारी उजाडला की दुकानात न बिघडलेले गेम यायला लागायचे. आया आणायच्या. “भाऊजी, हे ठेवून घ्या. पोरांना सांगा, बिघडलाय, पार्ट मुंबईहून यायचाय.” बाबांना पोरांशी खोटं बोलायला आवडायचं नाही, पण त्या बायकांना नाही म्हणवायचं नाही. मग ते अॅडॉप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून लिहायचे, ‘परीक्षेनंतर देणे’. कुणी मुलगा विचारायला आला की ती पट्टी त्याला दाखवायचे. तो गप घरी जायचा. एप्रिलमध्ये ज्या दिवशी शेवटचा पेपर, त्या दिवशी दुपारी दुकानापुढे सायकलींची गर्दी.

बाबा गेल्यावर दुकान आवरताना असे दोन अॅडॉप्टर निघाले, पट्टीसकट. कुणाचे ते कळायला मार्ग नाही. माझ्या कपाटात वरच्या फळीवर तेच आहेत.

कोकणातून येणाऱ्या कॅसेटींची तऱ्हा निराळी. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतला एखादा काका, मामा कुवेतला नाहीतर दुबईला असायचा आणि सुट्टीवर येताना गेम घेऊन यायचा. त्यामुळे समोर दुकानाचं अरबी स्टिकर, आणि त्याच्या शेजारी मराठीत ‘मामाने दिली’. अशी एक माझ्याकडे आहे. मुलाने स्वतःचं नाव लिहिलेलंच नाही. मामाने दिली, एवढंच त्याला नोंदवावंसं वाटलं.

वाचण्याबद्दल थोडं, कारण काही जण विचारतात. बॉलपेनची शाई उडून गेली तरी दाबाची रेघ प्लास्टिकवर राहते. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला, की अक्षरं उठून येतात. पिना साफ करायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून, पण ती काडी पाठीकडे नेऊ नका. मार्करचं नाव एका फटक्यात जातं. नेलपॉलिश रिमूव्हर तर कॅसेटीच्या खोलीतही आणू नका. त्यातलं अॅसिटोन हे प्लास्टिक विरघळवतं, नावही जातं आणि पाठही. पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. मी ते करत नाही.

पुढच्या काळातल्या यंत्रांत खुणा आत गेल्या. प्लेस्टेशन २ जपानात मार्च २००० मध्ये आला, जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला आणि आपल्याकडे शहरोशहरी तो वर्षानुवर्षं चालला. त्याचं मेमरी कार्ड ८ एमबीचं. जुना सेट घेतला की बहुतेक वेळा कार्ड त्याच्या तोंडातच असतं आणि विकणारा ते पुसायला विसरलेला असतो. पुण्यात घेतलेल्या एका सेटमधलं कार्ड उघडलं तर त्यात २००६ सालच्या तारखा होत्या. ‘सॅन अँड्रियास’ या गेमचे सेव्ह एकाखाली एक, तिथे सेव्हला शेवटच्या पार पाडलेल्या मिशनचं नाव मिळतं, त्यामुळे मुलगा कुठे अडकला होता तेही दिसतं. तो एका ठिकाणी बराच अडकला होता, मग सुटला, मग दिवाळीच्या सुमारास धडाधड पुढे गेला.

पण मी थांबले ती कुस्तीच्या गेमवर. ‘हिअर कम्स द पेन’मध्ये आपला पैलवान बनवता येतो: चेहरा, केस, कपडे, चालणं, सगळं. या मुलाने एकच पैलवान बनवला होता. पांढरे केस, पांढऱ्या मिशा, पांढरी विजार, अंगात बनियन. नाव रोमन अक्षरांत, आजोबा. ताकद पूर्ण, वेग पूर्ण, सहनशक्ती पूर्ण. आजोबांनी किताबही जिंकलेला होता. मी एकदा त्यांना घेऊन एक कुस्ती खेळले, सेव्ह न करता बाहेर पडले, आणि कार्डाची प्रत संगणकावर काढून ठेवली. हे सगळ्यांनी करावं, असं मला मनापासून वाटतं. गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पोकेमॉन कॅसेटींबाबत तर घाई करा; त्यात बटणासारखी बॅटरी असते आणि १९९९ च्या ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’मध्ये तीच घड्याळही चालवते, त्यामुळे ती आधी संपते. बॅटरी गेली की त्या मुलाने नाव ठेवलेले सगळे प्राणी गेले. आधी सेव्हची प्रत काढा, मगच बॅटरी बदलायला सोल्डर गरम करा.

जपानातल्या एका गृहस्थांनी नावं लिहिलेल्या फॅमिकॉमच्या कॅसेटी जमवल्यात. मूळ मालक सापडला की त्याची कॅसेट त्याला परत करतात. ते वाचल्यावर मला राहवेना. माझ्याकडच्या एका राखाडी कॅसेटीवर डकवलेल्या चिठ्ठीत नुसतं नाव नव्हतं, पूर्ण पत्ता होता. आपली पोरं लिहितात तसा, मु. पो. पासून ता. हातकणंगले, जि. कोल्हापूरपर्यंत. मी त्या पत्त्यावर साधं पोस्टकार्ड टाकलं. मी कोण, कॅसेट कुठे मिळाली, तुमची असेल तर पाठवते, खाली फोन नंबर.

बऱ्याच दिवसांनी फोन आला. त्या मुलाची आई.

“तुम्हीच का कॅसेटवाल्या? त्याचं नाव आहे खरं, पण ती त्याची न्हवंच.”

“म्हणजे?”

“माझ्या भावाच्या पोराची. सुट्टीला आला आणि इथंच विसरला. आमच्या पोरानं त्यावर आपलं नाव घातलं. दोघांची काय भांडणं झाली म्हणता! दोन दिवाळ्या बोलत न्हवते एकमेकांशी.” मग जरा थांबून, “चिठ्ठीच्या खाली बघा बरं. त्याचं नाव आसल.”

मी चिठ्ठी सोलली नाही. टॉर्च आडवा धरला. पत्त्याच्या चिठ्ठीची एक कड जिथे उचलली गेली होती, तिथे खाली कोरलेल्या दोन अक्षरांची सुरुवात दिसली. बाईंनी सांगितलेल्या नावाशी ती जुळत होती.

मामेभाऊ आता सांगलीला असतो, औषधांचं दुकान आहे. बाईंनी नंबर दिला. मी त्याला विचारलं, वरची चिठ्ठी वाफेवर धरून काढून देऊ का, खाली तुमचं नाव आहे. तो म्हणाला, “नाही नाही, ताई, काढू नका. ती राहू द्या. त्याला दाखवायचीय ना मला.” कॅसेट मी कुरिअरने पाठवली. माझ्याकडे आता तिचा फोटो आहे आणि कपाटात तिची जागा रिकामी ठेवलीय.

तुमच्या माळ्यावर, आईच्या ट्रंकेत, गावच्या घरी कुठे अशी कॅसेट सापडली, तर पुसू नका. पाठीचा फोटो काढा, उजेड आडवा ठेवून, आणि मला पाठवा. नाव झाकून पाठवलंत तरी चालेल. मला यादी हवीय, शिक्के हवेत, ‘नको’ हवेत. आणि कुणी गणिताच्या वहीत ‘टँक’ची मैदानं काढलेली असतील तर ते पान आधी पाठवा. माझ्याकडचं ‘टँक’ अजून चालतं, मी ती मैदानं मांडून खेळेन.